बोट्युलिझम: कारणं, निदान, उपचार आणि स्वयंपाकघरातली खबरदारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काल काहीतरी डबाबंद खाल्लं. आज एकाचे दोन दिसतायत, पापण्या जड झाल्यात, पाणी गिळताना ठसका लागतोय. सकाळपर्यंत वाट बघावी का?

नाही, लगेच निघा. ज्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर आहे तिथेच जा; जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घरी परतण्यात वेळ घालवू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मिळते.

निघण्यापूर्वी आणि वाटेत एवढं सांभाळा. तोंडाने काहीही देऊ नका, गोळीसुद्धा नाही, कारण गिळण्याचे स्नायू ढिले पडले असतील तर घोट फुप्फुसात जातो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय याच कारणाने घातक ठरतो. लाळ साचत असेल तर रुग्णाला कुशीवर ठेवा. उरलेलं अन्न टाकू नका: बरणी, डबा, पिशवी जशी आहे तशी दुहेरी पिशवीत बांधून सोबत घ्या. ते पदार्थ आणखी कोणी खाल्ले, किती वाजता खाल्ले, हे कागदावर लिहून घ्या. बाकीच्यांना अजून काही झालेलं नसलं तरी त्यांनाही डॉक्टरांना दाखवायचं आहे.

घरात ऑक्सिमीटर असतो आणि तो ९८ दाखवतो म्हणून लोक निर्धास्त होतात. या आजारात तो आकडा सर्वांत शेवटी पडतो. त्यापेक्षा रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा आणि एका श्वासात एक, दोन, तीन असं मोजायला लावा. धडधाकट माणूस सहज तीसच्या पुढे जातो. वीसच्या आत दम संपत असेल तर श्वासाचे स्नायू थकू लागले आहेत असं समजा. रुग्ण वीसच्या पुढे गेला तरी रुग्णालय टाळायचं नाही.

बोट्युलिझम म्हणजे नेमकं काय?

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या विषामुळे येणारा लकवा. ताप आणणारा, अंगभर पसरणारा संसर्ग असं त्याचं स्वरूप नसतं. विष रक्तातून मज्जातंतूंच्या टोकांशी पोहोचतं, आत शिरतं आणि तिथलं एक प्रथिन कापून टाकतं. स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारं ॲसिटिलकोलिन त्यामुळे बाहेर पडू शकत नाही. स्नायू शाबूत, मेंदू शाबूत, फक्त मधला निरोप बंद. म्हणूनच रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, त्याला सगळं ऐकू येतं, स्पर्श कळतो आणि तरीही त्याला पापणी उचलता येत नाही.

या विषाचे ए ते जी असे सात प्रकार ठाऊक आहेत. माणसांत आजार होतो तो मुख्यतः ए, बी आणि ई मुळे, क्वचित एफ मुळे. वजनाच्या हिशेबात याच्याइतकं जहाल विष माणसाला दुसरं माहीत नाही. संशय असलेला पदार्थ बोटाच्या टोकाने चाटून पाहण्यातही धोका असतो तो त्यामुळेच.

हा जिवाणू येतो कुठून?

मातीतून. शेतातली माती, तळ्याचा गाळ, धूळ, भाजीच्या मुळांना चिकटलेला चिखल, सगळीकडे त्याचे बीजाणू (जिवाणूचं कठीण कवचातलं, निद्रिस्त रूप) असतात. आपण ते रोजच खातो आणि मोठ्या माणसाच्या आतड्यात ते काही न करता निघून जातात. बीजाणू अन्नात उगवला, वाढला आणि त्याने तिथे विष तयार केलं, तर मात्र ते अन्न घातक होतं.

त्याला उगवायला चार गोष्टी एकत्र लागतात: हवा नसणं, आंबटपणा कमी असणं (पीएच ४.६ च्या वर), ओलावा पुरेसा आणि मीठ-साखर कमी असणं, आणि ऊब. यातली एक जरी गोष्ट पक्की मोडली तरी वाढ थांबते. तुमच्या बरणीत यातली कोणती गोष्ट मोडलेली आहे, हे सांगता आलं पाहिजे. ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच करतात’ हे त्याचं उत्तर होत नाही.

वरून तेलाचा जाड थर असला की लोणचं टिकतं ना?

बुरशीपासून टिकतं. बोट्युलिझमच्या बाबतीत तेलाचा थर उलट काम करतो: हवा बाहेर ठेवतो, आणि या जिवाणूला तेच हवं असतं.

कैरीचं, लिंबाचं लोणचं सुरक्षित असतं ते आंबटपणामुळे आणि मिठामुळे. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घालायची जुनी पद्धत आहे, त्यात कैरीचा स्वतःचा आंबटपणा. तिथे हा जिवाणू उगवतच नाही. पदार्थातल्या पाण्यात मिठाचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत गेलं तर नुसत्या मिठानेही त्याची वाढ थांबते. हिशेब बिघडतो तो दोन ठिकाणी. एक, रक्तदाबासाठी मीठ निम्म्यावर आणून लोणचं पूर्वीसारखंच फळीवर ठेवलं जातं. कैरी-लिंबात आंबटपणा तारून नेतो, पण इतर भाज्यांत तारणारं काही उरत नाही. दोन, मुळात आंबट नसलेल्या वस्तू तेलात बुडवल्या जातात: लसूण, हिरवी मिरची, आलं, ओली हळद, मशरूम, बांबूचे कोंब. यांचं लोणचं करायचं असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चवीपुरतं घालून भागत नाही. फोडीच्या आतपर्यंत आंबटपणा मुरला पाहिजे.

विक्रीसाठी लोणची करणाऱ्यांनी अंदाजावर राहू नये. बफर द्रावणांवर जुळवून घेतलेला डिजिटल पीएच मीटर घ्या. बरणी भरल्यावर किमान एक दिवस मुरू द्या, मग तेल निथळून फोडी वाटा आणि त्या लगद्याचा पीएच मोजा. तेलात मीटर बुडवून आलेल्या आकड्याला काहीही अर्थ नसतो. कायद्याची सीमा ४.६ असली तरी ४.२ च्या खाली राहाल तर मोजमापातली चूक पोटात घालता येते.

गोव्याकडचं कोळंबीचं बालशांव आणि सुक्या माशांचा पारा व्हिनेगर आणि मिठावर तगून राहतात. ‘फार आंबट लागतं’ म्हणून व्हिनेगर कमी करणाऱ्याने तो पदार्थ मग फ्रिजमध्ये ठेवावा आणि लवकर संपवावा.

लसणाचं तेल करून ठेवलं तर?

फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा, नाहीतर टाकून द्या. सोललेल्या लसणाला मातीतले बीजाणू चिकटलेले असतात, लसूण आंबट नसतो, आणि तेलाने हवा बंद होते. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात एकाच उपाहारगृहातल्या तेलात ठेवलेल्या लसणातून ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. कोरड्या लसणाच्या चटणीला ही भीती नाही, कारण तिच्यात ओलावाच नसतो. जास्त दिवसांसाठी लसूण वाटून हवा असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा.

दोन-चार शिट्ट्या केल्या की सगळं मरतं ना?

विष आणि बीजाणू यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

विष उष्णतेला नाजूक आहे. ८५ अंश सेल्सियसला पाच मिनिटं आतपर्यंत तापलं की ते निकामी होतं. घरी बाटलीबंद केलेला कमी आंबट पदार्थ खाण्यापूर्वी १० मिनिटं खळखळून उकळायला सांगतात ते त्यासाठी. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून दर हजार फुटांमागे एक मिनिट वाढवायचं: पुण्यात साधारण १२ मिनिटं, महाबळेश्वरला १५. बिघडल्याचा संशय असलेलं अन्न मात्र उकळून वाचवायचं नाही, ते टाकायचंच.

बीजाणू मात्र चिवट असतात. उघड्या पातेल्यात तासन्‌तास उकळलं तरी तगतात. त्यांना मारायला सुमारे १२१ अंश लागतात, आणि ते अन्नाच्या मधोमध, तेवढा वेळ टिकून. आपल्या कुकरचं शिट्टीचं वजन आतला दाब साधारण तेवढ्या तापमानापर्यंत नेतं हे खरं आहे. तरी तीन शिट्ट्यांत बरणीच्या पोटातली भाजी तिथवर पोहोचत नाही. बटाट्याच्या तुकड्यांची अर्ध्या लिटरची बरणी १० पौंड दाबाला ३५ मिनिटं आणि लिटरची ४० मिनिटं ठेवावी, असं अमेरिकी कृषी खात्याचं कोष्टक सांगतं, आणि तेही त्या कामासाठी बनवलेल्या मोठ्या प्रेशर कॅनरमध्ये. घरातला कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, त्यामुळे ते कोष्टक त्याला लावता येत नाही. आणि कुकरमध्ये शिजलेली भाजी नंतर बाटलीत भरली, तर त्या बाटलीचं, झाकणाचं, डावाचं काय?

२०१५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लँकेस्टर गावी, एका चर्चच्या सहभोजनात बटाट्याचं सॅलड खाऊन २९ जण आजारी पडले आणि एक दगावला. बटाटे घरीच बाटलीबंद केलेले होते, पण प्रेशर कॅनरऐवजी नुसत्या उकळत्या पाण्यात. उकळण्याने बाकीचे सगळे जिवाणू मेले, बाटलीतली हवा गेली, आणि उरलेल्या बीजाणूंना मैदान मोकळं मिळालं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही अंगणातल्या भाज्या बाटलीबंद करण्याची हौस वाढते आहे. तिथे प्रेशर कॅनरला पर्याय नाही.

टोमॅटो प्युरी आणि आमरस घरी बाटलीबंद केले तर चालतात का?

टोमॅटो सीमेवर असतो. जातीनुसार, पिकण्यानुसार पीएच ४.६ च्या अलीकडे-पलीकडे जातो. लिटरभर प्युरीला अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) किंवा दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस घाला. बाटलीतला अशासाठी, की ताज्या लिंबाचा आंबटपणा एकसारखा नसतो. पूर्ण पिकलेल्या आंब्याचंही तसंच आहे: हापूसच्या पेटीतली शेवटची, सुरकुतलेली फळं गोड असतात कारण आम्ल उतरलेलं असतं. आमरस गोठवून ठेवणं हा घरासाठी सगळ्यांत सोपा मार्ग. मोरावळा आणि जॅम साखर आणि आंबटपणामुळे सुरक्षित असतात.

व्हॅक्युम पॅक केलेले घरगुती पदार्थ मुलाला परदेशी पाठवते. काही धोका?

पदार्थावर अवलंबून आहे. चकली, शेव, लाडू, मेतकूट, कोरडी चटणी यांत ओलावा नाही. व्हॅक्युममुळे फक्त कुबटपणा टळतो. चिंता ओल्या पदार्थांची: भाजी, उसळ, पुरण, पनीर, शिजवलेलं मटण, ओले मासे. घरगुती व्हॅक्युम मशीन पिशवीतली हवा काढतं, जंतू मारत नाही. हवेत वाढून वास सोडणारे आणि ‘हे बिघडलंय’ असं सांगणारे जिवाणू त्यामुळे दबतात आणि बोट्युलिनमला मोकळीक मिळते. अशी पिशवी सामानाच्या बॅगेत दोन दिवस फिरली की वेळ आणि ऊब दोन्ही मिळतात.

कारखान्यातली रिटॉर्ट पाकिटं वेगळी. ती बंद केल्यानंतर दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवलेली असतात, म्हणून कपाटात टिकतात. दोन्ही पिशव्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्यावर झालेली प्रक्रिया वेगळी असते.

फ्रिजवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. जिवाणूच्या काही जाती, विशेषतः माशांशी निगडित ई प्रकारच्या, ३-४ अंशांतही हळूहळू वाढतात. व्हॅक्युम पॅकमधला गोठवलेला मासा फ्रिजमध्ये वितळायला ठेवताना पिशवीला छेद द्या, हवा लागू द्या.

फॉइलमध्ये भाजलेला बटाटा, कालची डाळ, डब्यातलं जेवण?

फॉइलमधला बटाटा गरम (६० अंशांच्या वर) असतानाच खा, किंवा फॉइल सोडवून फ्रिजमध्ये ठेवा. १९९४ मध्ये टेक्सासच्या एल पासो शहरात फॉइलसकट बाहेर राहिलेल्या भाजलेल्या बटाट्यांच्या चटणीतून ३० जणांना हा आजार झाला. ओट्यावर राहिलेली डाळ-भात दुसऱ्या जिवाणूंनी बिघडतात, उलट्या-जुलाब होतात. बोट्युलिझम त्यातून क्वचितच. तरीही मोठ्या पातेल्यातला रस्सा रात्रभर झाकून ठेवण्यापेक्षा उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये सरकवणं बरं.

बिघडलेलं अन्न वासावरून कळतं ना?

कळेलच असं नाही. काही जाती वायू करतात, डबा फुगतो, उघडताना फस्सकन्‌ आवाज येतो, घाण वास सुटतो. ई प्रकारच्या जातींत वास-चव बदलतच नाही. म्हणून फुगलेला, गळणारा, शिवणीवर चेपलेला, गंजून भोक पडलेला डबा न उघडता टाका. आणि चांगला दिसणारा डबा चांगलाच असेल असंही धरू नका.

भारतात असं कधी घडलंय का?

हो. १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेतले ३४ विद्यार्थी आजारी पडले, तिघे दगावले. संशय बेसनाच्या शेवेवर आला, आणि सापडला तो क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम, म्हणजे ई प्रकारचं विष तयार करणारा त्याच कुळातला भाऊबंद. ना डबा, ना मासा, ना परदेशी खाणं. ‘हा आजार आपल्याकडे नसतो’ या समजुतीमुळे तो ओळखायलाच उशीर होतो, आणि तपासणी झाली नाही तर नोंदही होत नाही.

आशियातलं मोठं उदाहरण थायलंडच्या नान प्रांतातलं, मार्च २००६ मधलं: घरी डबाबंद केलेले बांबूचे कोंब एका सोहळ्यात वाढले गेले आणि २०९ जण आजारी पडले. पावसाळ्यात मिळणारे कोंब आपल्याकडे ताजे शिजवून खातात, त्याला हरकत नाही. ते पाण्यात भरून हवाबंद ठेवायचे मात्र नाहीत.

बाळाला मध चाटवावा का? घुटीतून थोडासा चालेल?

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही. बोटभरसुद्धा नाही.

मोठ्यांच्या आतड्यातले नेहमीचे जिवाणू बोट्युलिनमच्या बीजाणूंना उगवू देत नाहीत. तान्ह्या बाळाचं आतडं अजून तसं वसलेलं नसतं; तिथे बीजाणू उगवतो आणि विष पोटातच तयार होतं. बहुतेक बाळं सहा महिन्यांच्या आतली असतात. मधात बीजाणू असू शकतात, तो जंगलातला असो, खात्रीचा असो, उकळलेला असो. उकळण्याने बीजाणू मरत नाहीत हे वर आलंच आहे.

आपल्याकडे जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवतात, बाळघुटी मधात उगाळतात, सुवर्णप्राशनाचे थेंब मध-तुपातले असतात. सासूबाईंशी वाद नको असेल तर एवढंच सांगा: घुटी द्यायचीच म्हणत असाल तर डॉक्टरांना विचारून, आणि मधाशिवाय. खरं तर पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच लागत नाही. मध लावलेली चोखणीही नको.

मध टाळला म्हणजे धोका शून्य होतो असं नाही. धुळीतूनही बीजाणू जातात आणि बऱ्याच बाळांनी मध चाखलेलाच नसतो. पण धूळ पूर्ण टाळता येत नाही, मध येतो.

सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते, आणि स्तनपानावरच्या बाळांना दोन-दोन दिवस शी होत नाही म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं. त्याच्या जोडीला बाळ ओढून दूध पिईनासं झालं, रडण्याचा आवाज बारीक झाला, चेहरा निर्विकार, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, धरू लागलेली मान पुन्हा ढिली पडली, तर बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी.

मोठ्यांत लक्षणं कोणत्या क्रमाने येतात?

खाल्ल्यापासून साधारण १२ ते ३६ तासांत. लवकरात लवकर सहा तास, उशिरात उशिरा दहा दिवस. आधी मळमळ, उलटी, पोटदुखी होऊ शकते, पण ती नसलेलेही रुग्ण पुष्कळ. मग लकवा डोळ्यांपासून खाली उतरतो: धूसर किंवा दुहेरी दिसणं, पापण्या पडणं, तोंड कोरडं ठाक, जीभ जड, बोलणं घोगरं, गिळायला त्रास, मान उचलता न येणं, मग खांदे-हात, छाती, शेवटी पाय. दोन्ही बाजूंना सारखाच. ताप नाही, शुद्ध हरपत नाही, मुंग्या-बधिरपणा नाही. पोट साफ होणं थांबतं.

पापण्या आणि चेहरा ढिला असल्याने रुग्ण गुंगीत किंवा दारू प्यायल्यासारखा वाटतो. श्वास अडल्याची धडपडही चेहऱ्यावर दिसत नाही. शांत पडलाय म्हणून बरा आहे असं समजू नका.

डॉक्टर सर्पदंश म्हणाले. बोट्युलिझम आणि त्यात फरक कसा करतात?

महाराष्ट्रात हा विचार आधी येणं अगदी रास्त आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पोटदुखी व पडलेल्या पापण्यांनी माणूस उठतो. तिथेही लकवा डोळ्यांकडूनच खाली येतो. जमिनीवर झोपणं, पावसाळा, काही तासांत वेगाने वाढणारी लक्षणं आणि एकट्यालाच झालेला त्रास या गोष्टी मण्यारीकडे बोट दाखवतात. एकाच पंगतीतल्या दोघा-तिघांच्या पापण्या पडल्या तर साप नव्हे, अन्न. शंका असताना डॉक्टरांनी सर्पविषाची लस दिली तर अडवू नका.

कीटकनाशकाच्या विषबाधेत चित्र उलटं असतं: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ-घाम वाहतो. बोट्युलिझममध्ये तोंड कोरडं आणि बाहुल्या बऱ्याचदा मोठ्या, प्रकाशाला मंद. गुलियन-बारी आजारात लकवा बहुधा पायांकडून वर चढतो, मुंग्या येतात, पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढतात. त्याचा मिलर फिशर हा प्रकार मात्र डोळ्यांपासून सुरू होतो आणि फसवतो, पण त्यात तोल जातो. मायस्थेनिया या स्नायूंच्या कमजोरीच्या आजारात थकव्याबरोबर कमजोरी वाढते, विश्रांतीने उतरते. पक्षाघातात सहसा एकच बाजू जाते.

निदानासाठी कोणत्या तपासण्या होतात?

निदान आधी लक्षणांवरून करायचं असतं. तपासणीचा निकाल यायला दिवस लागतात, आणि उपचार त्यासाठी थांबवायचे नाहीत. मेंदूचा एमआरआय आणि पाठीतलं पाणी सहसा स्वच्छ येतं. मज्जातंतूंच्या चाचणीत वेगाने दिलेल्या विद्युत झटक्यांनी स्नायूचा प्रतिसाद वाढत गेला तर संशय बळावतो.

पक्कं होतं ते रक्तात, शौचात किंवा अन्नात विष सापडल्यावर. उंदरांवरची चाचणी अजूनही आधार मानली जाते, आणि तिला चार दिवसांपर्यंत लागू शकतात. नमुने घेताना हमखास होणाऱ्या चुका अशा: प्रतिविष दिल्यानंतर रक्त काढणं (मग विष सापडत नाही), बद्धकोष्ठ आहे म्हणून शौचाचा नमुना सोडून देणं (निर्जंतुक पाण्याचा एनिमा देऊन घेता येतो, सलाईनचा नको), अन्न दुसऱ्या डब्यात काढणं. नमुने बर्फाच्या पेटीत थंड ठेवून पाठवतात. बाळांत मात्र रक्तापेक्षा शौचाची तपासणी उपयोगी.

उपचार काय?

श्वास सांभाळणं आणि प्रतिविष देणं. श्वासाची क्षमता दर काही तासांनी मोजत राहतात आणि ती घसरू लागली की पूर्ण थांबण्याची वाट न बघता नळी घालतात.

प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवातून बनतं. सातही प्रकारांवर चालणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्यांना एक कुपी, पातळ करून, शिरेतून हळूहळू देतात. घोड्याच्या प्रथिनाची तीव्र ॲलर्जी उठू शकते म्हणून ॲड्रेनलिन हाताशी लागतं. रक्तात फिरणारं विष ते बांधतं. मज्जातंतूत शिरलेल्या विषाला हात लावू शकत नाही. म्हणजे आलेला लकवा त्याने उतरत नाही, पुढचा थांबतो, आणि म्हणून पहिल्या २४ तासांत दिलेलं सर्वांत जास्त कामाचं. भारतात ते सर्वसाधारण रुग्णालयाच्या साठ्यात नसतं. संशय आल्याबरोबर रुग्णालयाने जिल्हा आरोग्य यंत्रणेला कळवून मागणी सुरू करावी, आणि दरम्यान व्हेंटिलेटरवर जीव राखावा. प्रतिविषाविना, निव्वळ चांगल्या अतिदक्षतेवरही रुग्ण वाचतात.

बाळांसाठी मानवी रक्तद्रवातलं वेगळं औषध आहे. ते कॅलिफोर्निया राज्याचा आरोग्य विभाग पुरवतो. २००३ मध्ये त्याला परवाना मिळाला.

मग अँटिबायोटिक का देत नाहीत?

अन्नातून आलेल्या बोट्युलिझममध्ये मारायला जिवाणू नसतो, विष आधीच तयार झालेलं असतं. जखमेतल्या बोट्युलिझममध्ये (जिवाणू जखमेत वाढून तिथेच विष करतो) देतात, पण जखम साफ करून आणि प्रतिविषानंतर. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी औषधं आणि मॅग्नेशियम (त्याचं रेचकही) स्नायूंची कमजोरी वाढवतात, ती टाळायची. बाळाला जंतुसंसर्ग समजून जेंटामायसिन सुरू केलं आणि श्वास थांबला, असं घडू शकतं.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

विष बसलेल्या टोकांना नवे अंकुर फुटून निरोप पुन्हा सुरू व्हावा लागतो. व्हेंटिलेटरवर काही आठवडे, क्वचित काही महिने जातात. पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता चांगली अतिदक्षता मिळाली तर शंभरातले नव्वदहून अधिक वाचतात. थकवा, धाप, कोरडं तोंड वर्षभरही रेंगाळतं. या काळात रुग्ण सगळं ऐकत असतो, हलता येत नाही एवढंच. त्याच्याशी बोला, आणि बिल किंवा आशा-निराशेच्या गप्पा खाटेपासून लांब करा.

रुग्णाकडून घरच्यांना होतो का? लस आहे का?

नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. सर्वसामान्यांसाठी लस नाही.

बोटॉक्स म्हणजे हेच विष ना?

हेच, पण अत्यल्प मात्रेत आणि ठरावीक स्नायूत. तिरळेपणा, पापण्यांची फडफड, मानेचा पीळ यांवर ते खरंच गुणकारी आहे. २०२३ मध्ये तुर्कस्तानात वजन कमी करण्यासाठी जठरात हे इंजेक्शन घेतलेल्या अनेक युरोपीय रुग्णांना बोट्युलिझम झाला. पार्लरमध्ये, बिलाशिवाय, कुपीवरचं लेबल न दाखवता कोणी देत असेल तर घेऊ नका.

जनावरांना आणि पक्ष्यांना होतो का?

होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर तलावावर हजारो पक्षी मेले ते यानेच. स्फुरद कमी पडलेली गुरं हाडं चघळतात, मेलेल्या जनावराच्या हाडांतून त्यांना विषबाधा होते आणि मागचे पाय जातात. मेलेलं जनावर चराईच्या रानात टाकू नका, खोल पुरा, आणि गुरांना खनिज मिश्रण द्या.

संशयित बरणी फुटली, ओट्यावर सांडली. साफ कशी करावी?

रबरी मोजे घाला, मुलांना आणि मांजरांना बाहेर काढा. दोन कप पाण्यात पाव कप ब्लीच मिसळून सांडलेल्या भागावर ओता, वर कागद पसरा आणि किमान १५ मिनिटं तसंच राहू द्या. पुसून घ्या, साबणाने धुवा. कागद, स्पंज, मोजे सगळं दुहेरी पिशवीत बांधून टाका. ते अन्न मोरीत किंवा कंपोस्टमध्ये घालू नका. कोणी आजारी पडलं असेल तर मात्र सांडलं नाही तेवढं अन्न तपासणीसाठी राखून फ्रिजमध्ये ठेवा, वर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावा, आणि विकत आणलेलं असेल तर लेबल व बॅच नंबरसकट अन्न व औषध प्रशासनाला कळवा.